जुनी यंत्रं, ईमेलचे नवे नियम: कडकपणा नेमका कुठे ठेवायचा?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं संगणकाचं काम बघणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर २००८ चं, व्हीबी ६ मध्ये लिहिलेलं, आणि लिहून देणारा आता या धंद्यात नाही. स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा, आणि प्रत्येक हीटचं (एका वेळी वितळवलेल्या धातूचं) टेस्ट सर्टिफिकेट तिथूनच ग्राहकाला मेल होतं. ऑफिसातला स्कॅनरही थेट मेल पाठवतो. आता मेलसेवा बदलली आणि नवी सेवा टीएलएस (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्ट करणारी पद्धत) १.२ च्या खालचं काही घेत नाही. त्यात पुण्याच्या एका मोठ्या ग्राहकाकडून मेल परत यायला लागले. सल्लागार म्हणतो, जुनं सगळं काढून टाका. मालक म्हणतात, "चालतंय की, कशाला हात लावताय?" उलट, येणाऱ्या मेलवर कडक नियम लावले तर दोन-तीन जुन्या पुरवठादारांचेच मेल अडकतात. मग नियम किती पाळायचे आणि जुन्याला किती सांभाळायचं?

कोल्हापूर, कागल, इचलकरंजी या पट्ट्यातल्या कारखान्यांचे आणि पतसंस्थांचे मेल सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नातला "किती" हा शब्द आधी बाजूला ठेवू. सल्लागार आणि मालक दोघंही "किती" वर भांडतायत, म्हणून मार्ग निघत नाही. खरा प्रश्न आहे "कुठे". तुमच्याकडे तीन वेगळे व्यवहार आहेत: आतली यंत्रं तुमच्याच सर्व्हरशी बोलतात ते, तुमच्या नावानं मेल बाहेर जातो ते, आणि बाहेरून अनोळखी माणसाचा मेल आत येतो ते. तिन्हींना एकच नियम लावला की एकतर काम बंद पडतं, नाहीतर दार सताड उघडं राहतं.

नियम आणि जुनी यंत्रं हे मुळात एकमेकांचे वैरी नाहीत. ईमेलच्या मजकुराची रचना ठरवणारं सध्याचं मानक म्हणजे आरएफसी (इंटरनेटच्या मानकांची क्रमांकित मालिका) ५३२२, २००८ चं. त्याच्या चौथ्या विभागात जुन्या, कालबाह्य रचनांची यादीच दिली आहे. नियम असा की या रचना स्वतः तयार करायच्या नाहीत, पण आलेल्या मेलमध्ये दिसल्या तर वाचता आल्या पाहिजेत. उदाहरण तारखेचं घ्या. काही जुने प्रोग्रॅम वर्ष दोनच अंकी लिहितात, तर काही २००८ ऐवजी १०८ लिहितात, कारण ते १९०० पासून मोजतात. तीन अंकी वर्षात १९०० मिळवा, दोन अंकी वर्ष ०० ते ४९ असेल तर २००० मिळवा, असं मानकातच स्पष्ट लिहिलं आहे. लिहिणाऱ्यांना आपल्यासारख्यांची अडचण ठाऊक होती.

दुसरी गोष्ट म्हणजे "केलंच पाहिजे" आणि "करावं" यातला फरक. मानकात हे दोन्ही शब्द मोजून मापून वापरलेले असतात. एक ओळ ९९८ अक्षरांपेक्षा लांब असताच कामा नये, आणि शक्यतो ७८ च्या आत असावी. पहिलं बंधन आहे, दुसरी शिफारस. सल्लागार दोन्ही एकाच आवाजात सांगत असेल तर त्याला हा फरक विचारा. तुम्ही फाउंड्रीतले आहात, म्हणून ड्रॉइंगचं उदाहरण देतो. कास्टिंगच्या बाहेरच्या कच्च्या अंगाला मिलीमीटरभर इकडेतिकडे चालतं, पण बेअरिंग बसतं त्या बोअरला मायक्रॉनमध्ये टॉलरन्स असतो. पीस तोच, पण प्रत्येक मापाची सूट वेगळी, कारण चूक झाल्यावर होणारं नुकसान वेगळं.

आता तुमच्या आतल्या यंत्रांकडे येतो. व्हीबी ६, एक्सपी आणि स्कॅनर, तिन्हींसाठी माझं उत्तर एकच: मधे एक रिले, म्हणजे मेल घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर, बसवा. एखादा साधा कॉम्प्युटर किंवा व्हर्च्युअल मशीन, त्यावर लिनक्स आणि पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर. जुन्या यंत्रांनी फक्त या रिलेला मेल द्यायचा, आणि बाहेरच्या मेलसेवेशी फक्त रिलेनं बोलायचं, टीएलएस १.२ किंवा १.३ वर, पासवर्डसह. एक्सपीला टीएलएस १.० च्या पुढे जाता येत नाही आणि त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला. त्याला नवी भाषा शिकवण्यात वेळ घालवू नका. आतल्या टप्प्यावर मी टीएलएसही ठेवत नाही आणि पासवर्डही नाही. यंत्राची ओळख त्याच्या ठरलेल्या आयपी पत्त्यावरून करतो. जुन्या यंत्रात पासवर्डच साठवलेला नसेल तर तिथून चोरायला काही उरत नाही.

पण ही सूट सुरक्षित राहण्यासाठी काही गोष्टी पाळाव्याच लागतात. रिलेनं फक्त त्या तीन आयपींचा मेल घ्यावा. "ऑफिसचं अख्खं नेटवर्क" असं लिहून मोकळं होऊ नका. एखाद्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तर तोही त्याच वाटेनं तुमच्या नावानं कचरा पाठवेल. एक्सपीचा कॉम्प्युटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवा, त्याला इंटरनेट अजिबात नको, फक्त रिलेच्या पोर्ट २५ पर्यंत, म्हणजे मेल घेण्याच्या दारापर्यंत, वाट. आणि रिले बाहेरून कुणालाही दिसता कामा नये, नाहीतर तो ओपन रिले (कुणाचाही मेल पुढे पाठवणारा) होतो आणि तुमचा आयपी काळ्या यादीत जातो.

रिलेचा मोठा फायदा असा की जुन्या यंत्रांचे दोष एका जागी दुरुस्त होतात. तारीख किंवा मेसेज-आयडी (मेलचा ओळख क्रमांक) नसेल तर पोस्टफिक्स ती घालू शकतो. पाठवणाऱ्याचा पत्ता बदलू शकतो, आणि तुमच्या सॉफ्टवेअरला ते नक्की लागेल. त्या काळच्या अनेक बिलिंग प्रोग्रॅममध्ये कुणाचा तरी जीमेलचा पत्ता कायमचा कोरलेला असतो. जीमेलनं साध्या पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड काढता येतो, पण धंद्याची बिलं त्या आधारावर ठेवू नयेत. फ्रॉममध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या रकान्यात, जीमेलचा पत्ता आणि पाठवणारा सर्व्हर दुसराच, असा मेल तर आज सरळ संशयित ठरतो. रिलेवर तो पत्ता तुमच्या डोमेनच्या पत्त्यानं बदला, आणि तो पत्ता खरा असू द्या, रोज कुणीतरी उघडणारा. परत आलेल्या बिलाची सूचना तिथेच येते. ती कुणी वाचत नसेल तर ग्राहक महिन्यानंतर "बिलच मिळालं नाही" म्हणेपर्यंत पत्ता लागत नाही.

रिले सगळंच दुरुस्त करू शकत नाही, आणि पुण्याच्या ग्राहकाकडून मेल परत येण्याचं कारण इथे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. जुने प्रोग्रॅम अख्खं बिल एचटीएमएलमध्ये, एकाच लांबलचक ओळीत लिहून टाकतात. बाहेर पाठवताना ९९८ पेक्षा लांब ओळ दिसली की पोस्टफिक्स ती मधेच तोडतो. पण डीकेआयएमची सही, म्हणजे मजकूर वाटेत बदललेला नाही हे पटवणारी डिजिटल खूण, त्याच्या आधीच झालेली असते. ओळ तुटली म्हणजे मजकूर बदलला, आणि पलीकडच्या सर्व्हरला सही खोटी दिसते. मराठी मजकुराला हे फार लवकर नडतं. ही मर्यादा बाइट्समध्ये मोजतात आणि यूटीएफ-८ या आजच्या अक्षर-पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं, म्हणजे ३३२ चिन्हांतच ओळ भरते. काना, मात्रा, हलंत सगळी स्वतंत्र चिन्हं. 'कोल्हापूर' या एका शब्दाची नऊ होतात.

सॉफ्टवेअरचा साचा वेगळ्या फाइलमध्ये असेल तर नशीब चांगलं म्हणायचं. तक्त्याच्या प्रत्येक रांगेनंतर एक एंटर मारा, बस. तसं नसेल तर मेलमध्ये दोन ओळींचा साधा मजकूर ठेवा आणि बिल पीडीएफ म्हणून जोडा. दोन्ही शक्य नसेल तर रिलेवर सहीच्या आधी मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या छोट्या ओळींत, बदलणारा फिल्टर बसवावा लागतो. मी शेवटी तिकडे जातो, कारण प्रत्येक नवा तुकडा म्हणजे उद्या बिघडू शकणारी आणखी एक जागा.

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. आपल्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर युनिकोडमध्ये नसतो, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉण्टांत असतो. तुमच्या पडद्यावर तो मराठी दिसतो, समोरच्याकडे तो फॉण्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. हे कुठल्याही सर्व्हरच्या सेटिंगनं सुटत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणा, नाहीतर फॉण्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवा. विषयाच्या ओळीत मराठी असेल तर ती सांकेतिक तुकड्यांत पाठवावी लागते आणि एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. हिशेब केला तर बेस६४ मध्ये एका तुकड्यात देवनागरीची फक्त पंधरा चिन्हं मावतात. नीट लिहिलेला प्रोग्रॅम चिन्ह पूर्ण झाल्यावर तोडतो. जुना मात्र बाइट मोजून मधेच कापतो आणि विषयात चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. म्हणून जुन्या यंत्रांतून जाणाऱ्या मेलचा विषय आणि जोडलेल्या फाइलचं नाव मी इंग्रजी अक्षरांत ठेवायला सांगतो. बिल क्रमांक आणि तारीख पुरे. फाइलच्या नावासाठी मानक १९९७ पासून आहे, तरी जुन्या आउटलुकला ते कळत नाही, आणि "बिल उघडत नाही" हा फोन तुम्हालाच येतो. आजच्या माणसानं आजच्या मेलमधून लिहिलेल्या पत्राला हे बंधन लावू नका. तिथे खुशाल मराठीत लिहा.

तारखेची एक खास आपली अडचण आहे. काही प्रोग्रॅम वेळेपुढे 'आयएसटी' अशी तीन अक्षरं लिहितात. मानकाच्या जुन्या यादीत अमेरिकेतली काही वेळक्षेत्रं आहेत, आपलं नाही, त्यामुळे वाचणाऱ्याच्या दृष्टीनं ती वेळ कुठली हे अनिश्चित. साडेपाच तासांचा फरक अंकातच, +०५३० असाच हवा, आणि तोही इंग्रजी अंकांत. विंडोजची प्रादेशिक सेटिंग मराठी असेल तर महिन्याचं नावही मराठीत जाऊ शकतं, तेही तपासा. तारीख मुळात नसेल तर रिले भरतो, पण चुकीची असेल तर तशीच पुढे जाते.

आता दुसरा व्यवहार: तुमच्या नावानं बाहेर जाणारा मेल. इथे मी सूट देत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या आहेत. जीमेल खात्यांना दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ (तुमच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएस या डोमेनच्या नोंदवहीतली नोंद), डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात. त्याखाली असणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक, टीएलएस आणि आयपीचा उलटा डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) हवाच. फाउंड्री काही ५००० पर्यंत जाणार नाही, तरी तिन्ही लावून घ्या. मोठ्या ग्राहकांचे सर्व्हर आता तेच बघतात.

एसपीएफमध्ये दोन दोष मला आपल्या भागात सारखे दिसतात. वेबसाइट करणाऱ्यानं एक नोंद टाकलेली असते आणि मेलसेवेवाल्यानं दुसरी. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन दिसल्या की पूर्ण तपासणीच बाद. दुसरा दोष म्हणजे नोंदीत इतक्या सेवा जोडलेल्या असतात की डीएनएसची दहा चौकशांची मर्यादा ओलांडली जाते, आणि निकाल पुन्हा तोच. पाच मिनिटांचं काम आहे, आजच बघा.

डीमार्क लावताना घाई करू नका. आधी फक्त अहवाल मागवा, कारवाई काही नको. आपल्या नावानं कोण कोण मेल पाठवतं हे त्या अहवालांतून कळतं, आणि प्रत्येक ठिकाणी एखादा विसरलेला कोपरा निघतो. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, हजेरीचं मशीन, पगाराच्या स्लिपा पाठवणारी बाहेरची सेवा. किमान दोन महिनाअखेरी जाऊ द्या, कारण काही मेल फक्त तेव्हाच निघतात. मग संशयित ठरवण्याची पायरी, आणि सगळं स्वच्छ दिसल्यावरच नाकारण्याची.

तिसरा व्यवहार, येणारा मेल, हा सगळ्यांत नाजूक. "पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा" हे तत्त्व जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये मांडलं. एसएमटीपीचं, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल पोचवण्याच्या पद्धतीचं, १९८२ चं मूळ मानकही त्यांचंच. त्या उदारपणामुळेच वेगवेगळ्या घडणीची यंत्रं एकमेकांना मेल पाठवू शकली. पण तेव्हाचं जाळं लहान होतं आणि लोक ओळखीचे होते. हे तत्त्व जसंच्या तसं चालवण्यातले तोटे २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ मध्ये नीट मांडले गेले आहेत: एकानं चूक खपवून घेतली की ती चूकच रूढ होते आणि पुढच्या सगळ्यांना खपवून घ्यावी लागते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एसएमटीपी स्मगलिंग नावाची पळवाट उघडकीला आली. मेल संपला हे सांगण्याची खूण काही सर्व्हर ढिलेपणानं वाचत होते, ओळ संपवणाऱ्या दोन चिन्हांपैकी एकच असलं तरी चालवून घेत होते. पाठवणारा सर्व्हर आणि घेणारा सर्व्हर यांची समजूत वेगळी असली की एका मेलच्या पोटात दुसरा मेल दडवता येत होता, आणि तो दुसरा मेल एसपीएफमधून पासही होत होता. पोस्टफिक्सनं यावर केलेला उपाय मला फार पटला. बाहेरून येणाऱ्यांसाठी नियम घट्ट केला, आणि मुळातल्या सेटिंगमध्येच आपल्या स्वतःच्या नेटवर्कला त्यातून वगळलं. जुना स्कॅनर चालत राहतो, अनोळखी माणसाला फट मिळत नाही. "किती" ऐवजी "कुठे" म्हणतो ते हेच.

तर येणाऱ्या मेलसाठी माझी कसोटी अशी. दोष फक्त मांडणीचा असेल, जसं दोन अंकी वर्ष, लांब ओळ, मेसेज-आयडी नसणं, तर घ्या. दोषामुळे पाठवणारा कोण याबद्दल संशय निर्माण होत असेल तर घेऊ नका. "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट नव्या खात्यावर करा" असा मेल पुरवठादाराच्या नावानं येतो आणि लाखो रुपये जातात. तुमच्या त्या जुन्या पुरवठादारांना सूट द्यायची असेल तर डोमेनच्या नावावर देऊ नका. फ्रॉममध्ये कुणाचंही नाव कुणीही लिहू शकतो. त्यांच्या सर्व्हरच्या आयपीवर द्या, आणि त्यांना एसपीएफची नोंद करायला फोनवरून मदत करा. बहुतेकांना अर्ध्या तासात जमतं, कुणी सांगितलेलंच नसतं.

एन्क्रिप्शनचं मात्र सरसकट उत्तर नाही. पासवर्ड जातो त्या पोर्टांवर, म्हणजे ५८७ आणि ४६५ वर, टीएलएस १.२ पेक्षा कमी काही नको. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले आहेत. पण पोर्ट २५ वर, दोन सर्व्हरांच्या संभाषणात, समोरच्याला १.० च येत असेल आणि तुम्ही ते नाकारलंत, तर मेल बऱ्याचदा थांबत नाही, उघड्यानं जातो. कमकुवत कुलूप नको म्हणून दारच उघडं टाकल्यासारखं होतं. मी आधी लॉग बघतो. जुन्या टीएलएसवर येणारं कुणीच नसेल तर बंद करतो. कुणी असेल आणि तो महत्त्वाचा असेल, तर त्यांच्याशी बोलून होईपर्यंत ठेवतो. बँक आणि मोठे ग्राहक यांच्यासाठी मात्र एन्क्रिप्शन सक्तीचं करतो, झालं नाही तर मेल गेला नाही तरी चालेल.

जुन्या नियमांचं ऋणही मान्य करावं लागेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता आणि माझ्या काही ग्राहकांचे सर्व्हर विजेअभावी बंद होते. वीज आल्यावर बाहेरचे मेल एकामागून एक येऊन पडले. पोचला नाही तर पाठवणाऱ्यानं चार-पाच दिवस तरी प्रयत्न करत राहावं, असं मानक सांगतं, म्हणून ते मेल पाठवणाऱ्यांच्या रांगेत थांबून होते. अनेक नव्या सेवा त्याआधीच हात टेकतात. नवं-जुनं न बघता कोणता नियम कशासाठी आहे हे समजून घेणं मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट म्हणजे रिले कोण सांभाळणार. तुमच्याकडे लिनक्स जाणणारं कुणी नसेल तर हे काम बाहेरच्या माणसाला वार्षिक करारावर द्या. अपडेट न केलेला रिले स्वतःच उद्याचं जुनं यंत्र होतो. एकच स्कॅनर असता तर मी रिले सुचवलाही नसता, फोल्डरमध्ये स्कॅन करून माणसानं मेल केला असता.

मालकांशी बोलताना "मानक" हा शब्द वापरू नका. परत आलेल्या टेस्ट सर्टिफिकेटांची यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यामुळे कुठलं पेमेंट लांबलं ते दाखवा. आणि दिलेली प्रत्येक सूट एका कागदावर लिहा: कुठलं यंत्र, कुठली सूट, का, आणि कधीपर्यंत. एक्सपीच्या पुढे स्पेक्ट्रोमीटरच्या पुढच्या सर्व्हिस कराराची तारीख घाला, कारण नव्या विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर मागायची ताकद तुमच्याकडे त्याच वेळी असते.

बदल साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा. दोन दिवस आधी डीएनएसच्या नोंदींचा टीटीएल (इतरांनी जुनी नोंद किती वेळ वापरायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे काही बिघडलं तर लगेच मागे येता येईल. बिल, सर्टिफिकेट आणि स्कॅन, तिन्हींचा एकेक मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवा आणि 'शो ओरिजिनल' उघडून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे पास दिसतंय का बघा. डीकेआयएम एकट्या बिलातच नापास झालं, तर ओळींची लांबी आधी तपासा. सगळ्यांतच नापास झालं तर डीएनएसमधली सार्वजनिक किल्ली बहुधा चुकीची चिकटवली गेली आहे. पुण्याच्या ग्राहकाचा परत आलेला मेल जपून ठेवला असेल तर त्यातली ५५० ने सुरू होणारी पूर्ण ओळ मला पाठवा. पत्ते खोडून पाठवलीत तरी चालेल; मेल का नाकारला ते त्या आकड्यापुढे लिहिलेलं असतं.